उजव्या हाताची वही

आमच्या बजाजनगरच्या घरात, हॉलमध्ये ह्यांचं एक पेन्सिलचित्र टांगलेलं आहे. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी काढलेलं. चेहरा बरा आहे. भांग इतका सरळ की ह्यांच्या डोक्यावर तसा तो उभ्या जन्मात कधी पडला नसेल. शर्टाची बटणं मोजून काढलेली. फक्त हात नाहीत. खांदे आहेत, बाह्या आहेत, आणि बाह्या कोपरापाशी मागं वळून गायब होतात.

चित्र दाखवलं तेव्हा ह्यांनी ते बराच वेळ बघितलं होतं. मग विचारलं, "माझे हात कुठंयत?"

"मागं बांधलेत तुम्ही."

"कशापायी?"

"रुबाब दिसतो."

"अन् मागं काय चाललंय त्यांचं?"

"ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मला समोरून दिसत नाय."

हे हसले, खिळा आणून स्वतः चित्र लावलं, आणि मी सुटले. कारण खरी गोष्ट अशी की मला हात काढताच येत नव्हते. आणि मी तेव्हा चितेगावच्या एका शाळेत चित्रकलेची बाई होते.

काय ती बाई! डोळ्यावर काळा गॉगल, खांद्याला शबनम, शबनममध्ये मुद्दाम बाहेर डोकावेल असा ठेवलेला ब्रश. पैठण रोडच्या एस.टी.त खिडकीशी बसून डोळे बारीक करून बाहेर बघायची, म्हणजे लोकांना वाटावं, बाईंच्या डोक्यात निसर्गचित्र चाललंय. डोक्यात चाललेलं असायचं की उतरताना साडीची इस्त्री मोडणार का. आज ती मला बसमध्ये भेटली, तर मी तिचा गॉगल काढून घेईन आणि म्हणेन, बाई, आधी बघायला शिका.

ग्रेड परीक्षेला स्मरणचित्र असायचं. आठवडी बाजार, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका, फुगेवाला. माणसं काढावीच लागायची आणि माणसांना हात असायचेच. मी पोरांना सांगायची, "हे बघा, हात अवघड असतात. म्हणून ते दाखवायचेच नाहीत. डोक्यावर पाटी घेतलेली बाई असली की तिच्या पुढं दुसरी बाई उभी करा. म्हाताऱ्याला घोंगडी पांघरा. पाय गवतात घाला."

"बाई, बाजारात गवत कुठून यील?"

"उगवा!"

एका परीक्षकांनी एकदा सगळ्यांदेखत विचारलं होतं, "बाई, तुमच्या गावच्या बाजारात सगळी माणसं थोटीच कशी हो?" स्टाफरूममध्ये मी तो किस्सा रंगवून सांगितला होता. सगळ्यात जास्त मीच हसले होते.

एक पोरगी मात्र सुटीत मागं लागायची. "बाई, हात शिकवा ना." मी तिला म्हणाले, "आधी नाक तर धड काढ." ती नाक शिकली, वरच्या वर्गात गेली, शाळा सोडून गेली. माझी पेन्शन सुरू झाली. हात तसेच पाठीमागं राहिले.

*

यंदा होळीनंतर चार दिवसांनी हे सकाळी चहाचा कप उचलायला गेले आणि कप उचलला गेलाच नाही. उजवा हात आणि उजवा पाय, दोन्ही गेले. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी सुनेनं नातेवाइकांना पाठवायला फोनवर फोटो काढला: हे कॉटवर टेकून बसलेले, उजवा हात उशीवर पालथा ठेवलेला, बोटं आत वळलेली. डॉक्टर म्हणाले होते, पाय चालेल. हाताचं मात्र पहिल्या काही महिन्यांत जे येईल ते येईल.

रोज दहाला एक फिजिओथेरपीवाली पोरगी यायची. तिनं एक लाल रबरी चेंडू दिला. तो ह्यांच्या मुठीत द्यायचा आणि म्हणायचं, सोडा. मला वाटलं होतं चेंडू दाबायचा असेल. "नाही काकू," ती म्हणाली, "मूठ आपोआप वळते. उघडत नाही. काका, धरून नका ठेवू. सोडा. सोडा." हे कपाळावर घाम येईपर्यंत सोडायचे आणि चेंडू तिथंच. शेवटी मी एकेक बोट उचलून तो काढून घ्यायची. ती पोरगी जाताना रोज "छान" म्हणायची. रोज.

आमचे हे वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होते. आयुष्यभर गियरचे दात मापले. घरातही तेच. "आजची भाकरी एका कडेला जाड आहे," असं जेवता जेवता सांगणारा माणूस. अशा माणसाला "छान" हे माप चालत नाही. "किती छान?" ते तिला विचारायचे. "काल किती होतं, आज किती आहे?" ती हसून बॅग उचलायची.

आणि ह्यांना माप हवं होतं, कारण ह्यांनी मुदत घातली होती. थोरल्या दिरांचं शेत चितेगावच्या पुढं आहे. दर थंडीत तिथं हुरडा असतो. आगटीतून निघालेलं गरम कणीस दोन तळव्यांत धरून चोळायचं, फुंकर मारून भूस उडवायचं आणि हिरवे दाणे समोरच्याच्या हातावर ओतायचे. ह्यात ह्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पोरंसोरं रांग लावायची. दिरांचा फोन आला तेव्हा ह्यांनी सांगून टाकलं, "दादा, येतो म्हंजे येतो. पण पाटावर बसून दुसऱ्यानं चोळलेला हुरडा मी खाणार नाय. दोन्ही हातांनी चोळीन, तवाच येईन."

"अरे, तू नुसता ये ना."

"नाय."

*

वही आणली नातीनं. ती चित्रकलेच्या कॉलेजच्या प्रवेशाची तयारी करते. दिवसभर स्टँडवर, स्टेशनवर माणसं काढत बसते. एकदा दहाच्या व्यायामाला माझ्या बाजूला बसली होती. मी नुसतीच बसलेली, जप केल्यासारखी "सोडा, सोडा" म्हणत.

"आज्जी, तू ड्रॉइंग टीचर होतीस ना? मग रोज आजोबांचा हात काढ. एक पान. तुझी प्रॅक्टिस होईल आणि आजोबांचा रेकॉर्ड राहील."

'रेकॉर्ड' म्हटल्याबरोबर ह्यांनी मान वर केली. "तारीख घालून," ते म्हणाले.

आता आली का पंचाईत! पंचेचाळीस वर्षं पाठीमागं लपवलेला हात समोर उशीवर ठेवलेला, आणि समोर मालक. मी पेन्सिलीला टोक केलं. परत केलं. तिसऱ्यांदा करायला गेले तेव्हा हे म्हणाले, "मास्तरीणबाई, पेन्सिल संपंल."

पहिलं चित्र झालं. नातीनं वही उलटी धरून बघितली, सुलटी धरून बघितली. "आज्जी, हे आलं आहे का?"

"कोण आलंय?"

"चहातलं आलं गं. आल्याचा तुकडा!"

ह्यांनी वही मागितली, बघितली आणि गंभीरपणे म्हणाले, "आजची अवस्था इतकी वाईट आहे, व्हय?" मी 'हो' म्हणून मान हलवली. त्या मान हलवण्याची किंमत पुढं कळली. माझं चित्र वाईट आहे, असं म्हणायला तोंड उघडलं नाही. गॉगलवाली बाई अजून आत बसली होती ना.

तारीख घातली. वही सुरू झाली.

नात शिकवायला कडक. "आज्जी, तू बोटांपासून सुरू करतेस. बोटं शेवटी. आधी मनगट. मग तळव्याचा ठोकळा. मग चारही बोटं मिळून एकच हातमोजा काढ, आणि मग बोटं वेगळी कर." मनगटात आठ हाडं असतात, हे मला ह्या वयात कळलं. आठ! मी जन्मभर तिथं एक रेघ मारून पुढं जात होते. बोटांचे सांधे एका ओळीत नसतात, कमानीत असतात. अंगठा तळव्याच्या कडेला कानासारखा चिकटलेला नसतो, तो खालून, मनगटापासून निघतो. हे मी माझ्याच हातावर दाबून दाबून बघितलं. भाजी चिरता चिरता थांबायची आणि अंगठा हलवून बघायची. सून म्हणाली, "आई, हात दुखतोय का?"

सगळ्यात अवघड म्हणजे आत वळलेली बोटं. समोरून बघितलं की ती आखूड दिसतात. पण डोकं म्हणतं, बोट लांब असतं, लांबच काढ. "जे माहीत आहे ते नको काढू," नात ओरडायची, "दिसतंय ते काढ."

एकदा तिनं मला छावणीच्या आठवडी बाजारात नेलं. म्हणे, तीस सेकंदांत माणूस काढायचा, खोडरबर चालणार नाही. मी एका मिरचीवाल्यासमोर उभी राहिले. त्याचे हात काय भराभर चालत होते! तागडी, मिरच्या, पिशवी, गाठ. माझं एक मनगट होईतो चार गिऱ्हाइकं गेली. त्यानं माझ्याकडं संशयानं बघितलं. "अम्मा, क्या लिख रै? म्युनिसिपाल्टीसे आए क्या?"

"नाय बाबा, तुझे हात काढतेय."

"मेरे हाथ? हाथ में क्या है जी? मिरच्यां लेना तो लेव."

मी पाव किलो मिरच्या घेतल्या आणि त्याच्या हातांकडं बघत राहिले. मूठ वळायची, उघडायची. वळायची, उघडायची. त्याला पत्ताही नव्हता.

*

रविवारी इन्स्पेक्शन असायचं. दाढी झाली की हे वही मांडीवर घ्यायचे, डाव्या हातानं पानं उलटायचे आणि कंपनीतून आणलेली स्टीलची पट्टी बाहेर काढायचे. आठवड्याची सात पानं बघायची, मग सुरुवातीची, मग परत ह्या आठवड्याची.

"हे बघ. वैशाखात बोटं एकमेकांना चिकटलेली. सुटीच नव्हती. आता मधे फट दिसती."

"दिसते खरी."

"अंगठा बघ. तवा तळव्यात घुसलेला. आता बाहेर निघालाय."

खरंच, वहीत हात सुधारत होता. एकेका महिन्यानं आल्याचा तुकडा सुटत गेला, त्याला मनगट आलं, सांधे आले, बोटं बोटांसारखी झाली. जो कुणी ती वही चाळेल तो म्हणेल, माणूस बरा होतोय. आणि पाय खरंच बरा होत होता. काठी घेऊन हे संडासापर्यंत जायला लागले होते, मग गेटपर्यंत. मग हातानं का होऊ नये? मी रोज त्या हाताकडं अर्धा तास टक लावून बघत होते, तरी मला दिसलं नाही. म्हणजे बघा. गॉगल घालून जितकं दिसायचं तितकंच दिसत होतं.

हे आता दिवसातून दोनदा चेंडू घ्यायला लागले. फिजिओवाल्या पोरीला वही दाखवायचे. ती पानं उलटून म्हणायची, "वा, काकू, काय सुंदर काढता!" हे म्हणायचे, "अगं, चित्राचं नाय, हाताचं बघ." ती पुन्हा "छान" म्हणायची. दिवाळीत दिरांचा फोन आला तर ह्यांनी सांगितलं, "दादा, कणसं राखून ठेव."

दिवाळी संपली आणि नातीनं मला नवा अभ्यास दिला. "आज्जी, तुझं पहिलं चित्र परत काढ. मग दोन्ही शेजारी ठेवू. बघ तू किती पुढं गेलीस." आता पहिल्या दिवसाचा हात कुठून आणू? तिनं सुनेच्या फोनमधला तो फोटो शोधला, दवाखान्यातून आले त्या दिवशीचा. तीच उशी, तोच कोन.

दुपार होती. हे झोपले होते. मी जेवणाच्या टेबलावर बसून काढलं. मनगट, ठोकळा, मोजा, बोटं. छान जमलं. मला माझाच अभिमान वाटला. चित्र पुरं करून मी सकाळचं पान शेजारी ठेवलं.

दोन्ही एकच होती.

मला वाटलं, मी चुकून सकाळचंच पुन्हा काढलं. फोटो मोठा करून बघितला. बोटांमधली फट तेवढीच. करंगळी तेवढीच वळलेली. अंगठ्याचं टोक त्याच जागी, पहिल्या बोटाच्या मधल्या पेराला टेकलेलं. मी आत जाऊन झोपलेल्या माणसाच्या हाताशी फोन धरला. मग परत टेबलाशी आले.

नात मागून येऊन उभी राहिली होती. तिला हे कळायला दोन सेकंद लागले. मला सात महिने लागले होते.

"आज्जी," ती हळूच म्हणाली, "सुधारलं ते तुझं ड्रॉइंग."

मी वही मिटली.

"आजोबांना सांगू नकोस," ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी दहाला मी ह्यांच्या हातावर शाल टाकली आणि शालीच्या चुण्या काढल्या.

ह्यांनी बघितलं. "हे काय? कापड काढलंस?"

"थंडी पडलीय."

"मास्तरीणबाई," हे म्हणाले, "जुनी खोड." आणि डाव्या हातानं शाल ओढून बाजूला टाकली.

मग रविवारी मी एक उद्योग केला. दिरांचा निरोप आला होता, हुरडा पंधरा दिवसांवर आहे. हे सकाळपासून दाढी करून बसलेले. मी त्या दिवशीच्या पानावर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जरासं उघडलं. जरासंच. आता मला येत होतं ना काढायला! खोटं बोट खऱ्यासारखं काढण्याइतकी मी तयार झाले होते. शाळेतल्या ज्या पोरीला मी नाक काढ म्हटलं होतं, तिनं हे पान बघितलं असतं तर पाया पडली असती.

हे खूश झाले. पट्टी लावली. "बघ! दोन बोटं हालली!" मला वाटलं, चला, एक रविवार तरी नीट गेला.

पण इन्स्पेक्टर तो इन्स्पेक्टर. जेवण झाल्यावर ह्यांनी वही उशीवर ठेवली, शेजारी हात ठेवला, आणि दोन्हीकडं बघत बसले. मी भांडी लावून आले तर चेहरा उतरलेला.

"अगं, सकाळी उघडली होती," ते म्हणाले. "आता परत वळली. बघ. सकाळी इतकी होती, आता इतकी. उलटं चाललंय माझं."

"थकलाय हात. होतं असं."

"थकून कसं चालंल? पंधरा दिवस राह्यले."

त्या दुपारी त्यांनी चेंडू सोडलाच नाही, म्हणजे सोडायचं सोडलं नाही. डाव्या हातानं उजव्याची बोटं ओढत राहिले. संध्याकाळीही. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आधीच कॉटच्या कडेवर बसून बोटं मागं वाकवत होते. दहाला फिजिओवाली पोरगी आली तेव्हा मनगट सुजलेलं होतं. ती पहिल्यांदाच ओरडली. "काका, हे काय केलंत? कुणी सांगितलं इतकं ओढायला?"

"काल उघडत होती," हे म्हणाले. लहान पोरासारखे. "वहीत हाय. बघा वही."

पोरीनं वही बघितली. मग हात बघितला. मग माझ्याकडं बघितलं. ह्या वेळेला ती "छान" म्हणाली नाही.

ती गेल्यावर मी कॉटवर ह्यांच्या पायाशी बसले. "अहो, रविवारचं पान मी खोटं काढलं."

ह्यांनी सुजलेल्या मनगटाकडं बघितलं. मग विचारलं, "कितीनं?"

"करंगळी आणि तिच्या शेजारचं. अर्धं पेर."

"अन् त्याच्या आधीची पानं?"

"आधीची खोटी नव्हती. वाईट होती."

"म्हंजे?"

"म्हणजे मला हात काढता येत नव्हता हो. कधीच येत नव्हता. ते आलं होतं ना पहिल्या पानावर, ते तुमच्या हाताचं नव्हतं, माझ्या चित्राचं होतं. पुढं पुढं मला जमायला लागलं. हात होता तसाच आहे."

मी उठून फोटोवरून काढलेलं पान आणलं. आता लपवून काय मिळणार होतं? ह्यांनी पट्टी मागितली. एका हातानं दोन्ही पानांवर ती धरवेना, म्हणून शून्याचं टोक मी दाबून धरलं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. पहिल्या सांध्यापासून मनगटापर्यंत. फटी. दोन्ही पानांवर. हे एकेक आकडा तोंडानं बोलत होते आणि मी "तोच" म्हणत होते. तोच. तोच. तोच.

संपल्यावर त्यांनी पट्टी उशीवर ठेवली. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "मापायच्या आधी हत्यार तपासायचं असतं. सकाळी शिफ्ट चालू झाली की पहिलं काम तेच. नवीन पोरांना मीच शिकवायचो. हत्यार चुकीचं असलं की चांगला माल वाईट दिसतो अन् वाईट माल चांगला." मग माझ्याकडं बघितलं. "मी तुला तपासलंच नाय."

मी पदर तोंडाला लावला. हसू येत होतं का रडू, मला अजून सांगता येणार नाही. त्या हॉलमधल्या चित्रात मी तपासण्याजोगं सगळं मागं बांधून ठेवलं होतं, आणि हा माणूस इतकी वर्षं त्याच्याखाली बसून पेपर वाचत होता.

*

हुरड्याला आम्ही गेलो नाही. दिरांनी दुपारी डबा पाठवला, चोळलेला, वर शेंगदाण्याची चटणी. मुलगा म्हणाला, "बाबा, गाडीत बसून जाऊन येऊ की, अर्ध्या तासाचा रस्ता." हे म्हणाले, "तू जा." डबा दुपारभर टेबलावर राहिला. संध्याकाळी मी वाटीत काढून चमचा दिला. डाव्या हातानं चार चमचे खाल्ले. "दादानं नाय चोळला," म्हणाले. "भूस राह्यलंय." वाटी बाजूला सरकवली.

ज्या दिवशी मी सांगितलं त्या दिवशी चेंडू कॉटवरून घरंगळून खाली गेला होता. त्यांनी मागितला नाही. मी काढून दिला नाही. फिजिओवाली पोरगी आठवड्यातून दोनदा येते आता. पायाचं करते, हात हलवून देते, म्हणजे सांधे धरू नयेत. चेंडू कुठंय, तिनंही विचारलं नाही.

वही मी कपाटात ठेवून दिली होती. हुरड्याचा डबा येऊन पाचसहा दिवस झाले असतील. दहा वाजले, मी स्वयंपाकघरात होते, आणि आतून हाक आली.

"मास्तरीणबाई."

जाऊन बघते तर उशी मांडीवर घेतलेली, आणि डाव्या हातानं उजवा उचलून तिच्यावर ठेवलेला. रोजच्यासारखा. पालथा.

"आज काढायचा नाय व्हय?"

"काय काढू? तोच तर आहे."

"म्हणून तर म्हणतो. हालत नाय, पळत नाय. असं गिऱ्हाईक तुला छावणीत मिळंल का?"

मी वही आणली, बसले, पेन्सिलीला टोक केलं. एकदाच. मनगट, ठोकळा, मोजा. हे खिडकीबाहेर बघत होते. समोरच्या घरी कुणीतरी कपडे झटकून वाळत घालत होतं. काढून झाल्यावर मी वही त्यांच्यासमोर धरली. त्यांनी एकदा हाताकडं बघितलं, एकदा पानाकडं.

"अंगठा चुकला," म्हणाले. "तो अजून आत हाय. तू उगाच बाहेर काढतीस."

मी हाताकडं बघितलं. खरं होतं. मी खोडरबर घेतलं आणि अंगठा आत घेतला, जिथं तो होता तिथं.

तेव्हापासून रोज एक पान होतं. तारीख मी घालत नाही, त्यांनी विचारलं नाही. सकाळी झाडू मारताना कॉटखाली वाकलं की भिंतीच्या कोपऱ्यात तो लाल चेंडू दिसतो. मी त्याच्याभोवतीनं झाडते.